प्रिंटमध्ये ब्लॅक बसत नाही: ग्रेड वाढवण्याआधी काय तपासायचं

प्रिंट हायपोतून (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणातून) काढली, दिवा लावला, आणि जिथे गच्च काळा हवा तिथे पाटीचा रंग. पांढरा बरा आहे, चेहऱ्यावरचे करडे टोनही बरे आहेत, पण सावल्यांना वजन नाही. डार्करूममध्ये काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही अडचण येते. एकदा सुटली असं वाटलं तरी पेपरचं नवं पाकीट उघडलं किंवा ऋतू बदलला की ती पुन्हा उभी राहते.

यावर सगळे सगळ्यात आधी ग्रेड, म्हणजे फिल्टरने बदलणारा काँट्रास्टचा आकडा (०० सगळ्यात मऊ, ५ सगळ्यात कडक), वाढवतात. २ ची ३ केली, ३ ची ४ केली. काळा थोडा सुधारतो, पण पांढऱ्या कपड्यांवरच्या चुण्या उडतात. त्या परत आणायला एक्स्पोजर (पेपरवर पाडायचा प्रकाश) वाढवलं की मधले टोन जड होतात. मग पुन्हा २ वर यायचं. या फेऱ्यांत पाकीट संपतं, आणि आज बाहेरून येणाऱ्या पेपरची किंमत बघता हे परवडणारं नाही.

माझं मत असं, की ब्लॅक न बसणं हा बहुतेक वेळा काँट्रास्टचा प्रश्न नसतोच. नको असलेला थोडा प्रकाश किंवा थोडा फॉग (चित्राशी संबंध नसलेली करडी झाक) पांढऱ्या भागात शिरलेला असतो. त्यामुळे पांढरे मळकट दिसू लागतात, म्हणून आपण एक्स्पोजर कमी करतो किंवा प्रिंट डेव्हलपरमधून (चित्र उमटवणाऱ्या द्रावणातून) लवकर उचलतो. त्या अपुऱ्या वेळात सावल्या पूर्ण काळ्या होऊच शकत नाहीत. म्हणजे लक्षण काळ्यात दिसतं आणि बिघाड पांढऱ्यात असतो. तो बिघाड तसाच ठेवून ग्रेड वाढवली की आजार झाकला जातो, जात नाही. म्हणून आधी पेपर आणि केमिकल, मग सेफलाइट (पेपरवर परिणाम होऊ नये असा डार्करूमचा दिवा), मग एन्लार्जर (निगेटिव्हचं चित्र पेपरवर मोठं पाडणारं यंत्र), मग निगेटिव्ह, आणि फिल्टरला हात सगळ्यात शेवटी.

पेपर मुळात किती काळा होतो

ग्लॉसी पेपरची कमाल डेन्सिटी (काळेपणाचं माप) साधारण २.० ते २.२ असते. २.० म्हणजे पडलेल्या प्रकाशातला फक्त १ टक्का परत येतो. मॅट पेपर १.६ च्या आसपास थांबतो, म्हणजे अडीच टक्के प्रकाश परत येतो. पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि काळ्यावर पातळ पांढुरका पडदा चढतो. मॅट पेपरवर कितीही एक्स्पोजर दिलं तरी ग्लॉसीचा काळा येणार नाही. ही पेपरची हद्द आहे, तुमच्या कामातला दोष नाही. प्रदर्शनात काचेमागे पाहिलेल्या ग्लॉसी फायबर (प्लास्टिकचा थर नसलेल्या कागदावरच्या) प्रिंटशी घरच्या मॅट प्रिंटची तुलना करून पुष्कळ जण विनाकारण निराश होतात.

चार तुकड्यांची परीक्षा

ज्या पाकिटातला पेपर वापरताय त्यातला एकच कागद घ्या, त्याचे चार तुकडे करा आणि मागे पेन्सिलीने क, ख, ग, घ लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढचे बरेचसे तर्क त्याने वाचतात.

क हा तुकडा खोलीच्या पांढऱ्या दिव्याखाली काही सेकंद धरा आणि पूर्ण वेळ डेव्हलप करा. हा पेपर या डेव्हलपरमध्ये जास्तीत जास्त किती काळा होतो ते हा तुकडा सांगतो. तो वाळवून जपून ठेवा, पुढे प्रत्येक प्रिंट त्याच्याशी ताडून बघायची आहे.

ख हा तुकडा सेफलाइटसुद्धा बंद करून, डेव्हलपर न दाखवता, थेट हायपोत टाका. हा पेपरचा खरा पांढरा.

ग हा तुकडा तसाच काळोखात, एक्स्पोजर न देता, पूर्ण वेळ डेव्हलप करा आणि मग हायपोत घाला.

घ साठी थोडी तयारी लागते. एन्लार्जरखाली या तुकड्याला एवढंच एक्स्पोजर द्या की डेव्हलप केल्यावर फिकट करडा येईल. तेवढा वेळ किती, ते आधी छोट्या पट्टीवर काढून ठेवा. मग त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवून तुमच्या नेहमीच्या सेफलाइटखाली, नेहमीच्या जागी, चार-पाच मिनिटं राहू द्या. शेवटी सेफलाइट बंद करून डेव्हलप करा.

आता चारही तुकडे उजेडात शेजारी ठेवा. क जर खरंच गच्च काळा असेल, तर पेपर आणि डेव्हलपर ठीक आहेत आणि दोष पुढे कुठेतरी आहे. क च मुळात हिरवट-तपकिरी किंवा करडा आला, तर एन्लार्जरकडे वळायची गरजच नाही, डेव्हलपर बघा. ख पेक्षा ग मळकट असेल तर पेपरला फॉग आलाय. घ वर नाण्याचा गोल फिकट उमटला तर सेफलाइट सेफ नाही.

जुन्या पेपरबद्दल इथेच सांगून टाकतो. बंद पडलेल्या स्टुडिओंमध्ये, कुणाच्या माळ्यावर, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ पेपरची पाकिटं अजून निघतात. त्यांच्याबद्दल मला आपुलकी आहे, पण आपल्याकडची उष्णता आणि कोकणपट्टीतली दमट हवा यांत इतकी वर्षं काढलेला पेपर जवळजवळ हमखास फॉग झालेला असतो. डेव्हलपरमध्ये बेन्झोट्रायझोलचं १ टक्क्याचं द्रावण लिटरमागे १० ते २० मिली घातलं तर फॉग बराच आवरतो. पेपरचा वेग मात्र उतरतो, म्हणून एक्स्पोजर वाढवावं लागतं. फॉग फार असेल तर तो पेपर फोटोग्रामला किंवा शिकाऊ हातांना द्या, गंभीर प्रिंटला वापरू नका. शिवाय ठरावीक ग्रेडच्या जुन्या ब्रोमाइड पेपरवर मल्टिग्रेडचे (फिल्टरप्रमाणे काँट्रास्ट बदलणाऱ्या पेपरचे) फिल्टर काम करत नाहीत, हे विसरून पुष्कळांनी संध्याकाळी वाया घालवल्यात.

डेव्हलपर: थंडी, सोडा आणि उतावीळ हात

पेपर डेव्हलपरमध्ये सहसा दोन घटक मिळून काम करतात. मेटॉल चित्र लवकर आणतं, हायड्रोक्विनोन त्यावर घनता चढवतं. डेव्हलपर गार झाला की हायड्रोक्विनोन मंदावतं आणि १२-१३ अंशांच्या खाली जवळजवळ थांबतं. मग चित्र सगळं दिसतं, तपशील सगळा असतो, फक्त काळा नसतो. नाशिक-पुण्याकडे डिसेंबरच्या रात्री ट्रेमधलं तापमान सहज १५-१६ वर येतं, त्यातून फरशीवर ट्रे ठेवला असेल तर आणखी खाली. थर्मामीटर बाटलीत बुडवून समाधान मानू नका, ट्रेमध्ये बुडवा, आणि अर्ध्या तासाने पुन्हा बुडवा. ट्रे मोठ्या परातीत ठेवून परातीत कोमट पाणी घातलं की काम होतं. मे महिन्यात याच्या उलट: त्याच परातीत बर्फ, पण प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, म्हणजे वितळलेलं पाणी डेव्हलपरमध्ये जाणार नाही. ३० अंशांवर चित्र भराभर येतं, फॉगही भराभर येतो, आणि ट्रेमधला डेव्हलपर काही तासांत हवेने खराब होतो. २० अंश जमत नसतील तर २४ चालतील, पण रोज तेच तापमान ठेवा.

घरी डेव्हलपर बनवणाऱ्यांकडे एक गोष्ट वारंवार दिसते. डी-७२ या पेपर डेव्हलपरचा फॉर्म्युला सोपा आहे: लिटरला मेटॉल ३ ग्रॅम, सोडियम सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, सोडियम कार्बोनेट ८०, पोटॅशियम ब्रोमाइड २, आणि वापरताना एकास दोन पाणी. त्यातले ८० ग्रॅम हे मोनोहायड्रेटचे आहेत. निर्जल कार्बोनेट असेल तर ६८ ग्रॅम पुरतं. बाजारातल्या धुण्याच्या सोड्याचे पारदर्शक खडे मात्र दहा रेणू पाणी धरून असतात, त्यांचे साधारण १८५ ग्रॅम लागतील. ते ८० ग्रॅमच घातले तर अल्कली निम्म्याहून कमी पडते आणि डेव्हलपर ताजा असूनही निस्तेज चालतो. तो सोडा शुद्ध नसतो हे वेगळंच. बाटलीवर कोणतं कार्बोनेट लिहिलंय ते वाचा, लिहिलं नसेल तर दुसरी बाटली घ्या.

रंगावरूनही अंदाज येतो. वापरायचा डेव्हलपर फिकट पिवळसर असेपर्यंत ठीक, कोऱ्या चहाच्या रंगावर गेला की ओतून द्या. बोअरच्या जड पाण्यात गाळ धरत असेल तर स्टॉकसाठी (पातळ न केलेल्या मूळ द्रावणासाठी) आरओचं पाणी वापरा.

आता उतावीळपणा. सेफलाइटच्या लाल उजेडात प्रिंट आहे त्यापेक्षा गडद दिसते. ‘झाली, झाली’ म्हणत चिमट्याने उचलली की ब्लॅक गेले, कारण ब्लॅकची पूर्ण घनता शेवटी येते. आरसी (प्लास्टिकचा थर दिलेल्या) पेपरला डेव्हलपरच्या माहितीपत्रकात जो वेळ दिलाय, बहुतेकांना साधारण एक मिनिट, तो पूर्ण द्या. फायबर पेपरला दोन ते तीन मिनिटं, ट्रे सतत हलवत. पूर्ण वेळात प्रिंट जास्त काळी झाली तर ती तशीच होऊ द्या, हायपो होऊ द्या, उजेडात बघा आणि पुढच्या प्रिंटचं एक्स्पोजर कमी करा. डेव्हलपिंगचा वेळ हा एक्स्पोजर दुरुस्त करायचा उपाय नाही. एवढी एकच सवय बदलल्याने पुष्कळांचा प्रश्न सुटताना मी पाहिलाय.

सेफलाइट

आपल्याकडे सेफलाइट म्हणजे बहुतेक ठिकाणी लाल झीरोचा बल्ब. नाव झीरो असलं तरी तो दहा-पंधरा वॅट खातो आणि त्यावरचा लाल थर एकसारखा नसतो. थर पापुद्रे धरून निघाला की तिथून पांढरा प्रकाश येतो. मल्टिग्रेड पेपर निळ्याबरोबर हिरवा प्रकाशही पकडतो, त्यामुळे साध्या ब्रोमाइडच्या काळात चालणारा पिवळट-हिरवट सेफलाइट त्याला चालत नाही.

बल्ब घ्यायच्या आधी जुनी सीडी घेऊन तिच्या चकचकीत बाजूवर त्याचं प्रतिबिंब बघा. इंद्रधनुष्यात लाल आणि फार तर नारिंगी पट्टाच दिसायला हवा. हिरवा किंवा निळा दिसला तर तो बल्ब परत. लाल प्लास्टिकच्या टोपीखाली पांढरे एलईडी बसवलेले बल्ब या परीक्षेत नापास होतात, ज्यांत दिवाच लाल आहे ते बहुधा पास होतात. सीडी फक्त चाळणी आहे, शेवटचा निकाल नाण्याचा. बल्ब ट्रेपासून निदान चार फूट लांब ठेवा.

नाण्याच्या परीक्षेत आधी फिकट करडं एक्स्पोजर द्यायला सांगितलं त्याला कारण आहे. कोऱ्या पेपरला काळेपणा यायला सुरुवात होण्याआधी ठरावीक प्रकाश लागतो. तेवढ्याहून कमी प्रकाश सेफलाइटने दिला तर कोरा तुकडा स्वच्छच निघतो आणि सगळं आलबेल वाटतं. पण खऱ्या प्रिंटमध्ये निगेटिव्हमधून आलेला प्रकाश आणि सेफलाइटचा प्रकाश यांची बेरीज होते, आणि ती आधी दिसते फिकट भागात. आभाळ, पांढरी टोपी, साडीचा काठ, सगळ्यावर हलकी साय. त्या सायीपायी आपण एक्स्पोजर कापतो आणि काळा हातचा जातो.

एन्लार्जर

कॅमेऱ्यात फ्लेअर झाला, म्हणजे प्रकाश आत विखुरला, की सावल्या धुरकट होतात. एन्लार्जरमध्ये उलटं होतं. इथे सावल्यांच्या जागी निगेटिव्ह पारदर्शक असते, भरपूर प्रकाश तिथूनच येतो आणि त्यातला विखुरलेला भाग जाऊन पडतो पांढऱ्यांवर. परिणाम सेफलाइटच्या फॉगसारखाच दिसतो, म्हणून दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात. सेफलाइट बंद करा, लेन्सवर झाकण लावा, हलकं एक्स्पोजर दिलेल्या पेपरवर नाणं ठेवा आणि एन्लार्जर एक मिनिट चालू ठेवून डेव्हलप करा. गोल उमटला तर हेडमधून (दिव्याच्या डब्यातून) प्रकाश गळतोय. घरातली डार्करूम बहुधा बाथरूममध्ये असते आणि बाथरूमच्या टाइल पांढऱ्या असतात. हेडच्या फटीतून छताकडे गेलेला प्रकाश या टाइलवरून थेट पेपरवर येतो. एन्लार्जरच्या तिन्ही बाजूंना काळा कार्डपेपर चिकटवा, फटींना काळ्या कापडाची झालर लावा.

लेन्स काढा आणि टॉर्चच्या उजेडात आरपार बघा. पावसाळ्यानंतर मुंबई-कोकणात लेन्सच्या आत बुरशीची जाळी हमखास सापडते. कडेला चार धागे असतील तर एफ/८ वर (लेन्सचं तोंड लहान केल्यावर) फारसा फरक पडत नाही, पण आतल्या काचेवर धुकं असेल तर कुठलाही फिल्टर कामाचा नाही. लेन्स साफ करून घ्या आणि पुढे सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. निगेटिव्ह कॅरिअरमध्ये (निगेटिव्ह धरणाऱ्या चौकटीत) फ्रेमच्या कडेचा पारदर्शक भाग उघडा राहात असेल तर तो काळ्या कागदाने झाका. तिथून येणारा प्रकाश चित्राच्या कामाचा नसतो आणि फ्लेअर मात्र वाढवतो.

मग दिवा. फिलॅमेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो: व्होल्टेज १० टक्के उतरलं तर प्रकाश साधारण ३० टक्क्यांनी कमी होतो. शिवाय तो पिवळा होतो, म्हणजे निळा भाग घटतो आणि मल्टिग्रेड पेपर मऊ चालतो. दुपारी काढलेली टेस्ट स्ट्रिप (वेगवेगळ्या वेळांची चाचणी पट्टी) आणि संध्याकाळी, सगळ्या वाड्याचे दिवे लागल्यावर काढलेली प्रिंट जुळत नाही ती यामुळे. स्टॅबिलायझर लावा. जिथे तो नाही तिथे रात्री उशिरा काम करा.

ओपल (दुधी काचेचे) बल्ब मिळेनासे झाले म्हणून आता पुष्कळ एन्लार्जरमध्ये घरगुती एलईडी बसलेत. ते चालतात, पण पिवळसर उजेडाचा घेऊ नका. मल्टिग्रेड पेपरमध्ये मिसळलेले इमल्शन निळ्या प्रकाशाला सारखेच संवेदनशील असतात आणि हिरव्याला कमी-जास्त. निळ्यात सगळे एकदम काम करतात म्हणून काँट्रास्ट कडक येतो, हिरव्यात एकामागून एक करतात म्हणून मऊ. पिवळसर एलईडीत निळा तुटपुंजा असतो, त्यामुळे ४ आणि ५ चे फिल्टर लावूनही पेपर हवा तसा कडक होत नाही. थंड पांढरा एलईडी घ्या, फिल्टरवर छापलेला आकडा मात्र ढोबळ समजा.

फिल्टरही म्हातारे होतात. कडक ग्रेडचे मॅजेंटा फिल्टर उष्णतेने आणि प्रकाशाने फिके पडतात. शंका असेल तर एकच निगेटिव्ह ०० वर आणि ५ वर काढून बघा. दोन प्रिंट सख्ख्या बहिणींसारख्या दिसत असतील तर फिल्टर गेलेत किंवा दिव्यात निळा नाही.

निगेटिव्ह, आणि मग ग्रेड

इतकं सगळं ठीक असेल तर निगेटिव्ह वर्तमानपत्रावर ठेवा. सगळ्यात दाट भागातून छापील अक्षर जेमतेम वाचता यायला हवं, ही जुनी खूण अजून उपयोगी आहे. अक्षर सहज वाचता येत असेल तर निगेटिव्ह पातळ आहे. आता सावल्या बघा: ज्या सावलीत तपशील हवा ती फिल्मच्या कोऱ्या कडेइतकीच पारदर्शक असेल तर तिथे फिल्मवर काहीच नोंदलं गेलेलं नाही. प्रिंटमध्ये तिथे सपाट काळा येईल किंवा सपाट करडा येईल, तपशील येणार नाही. अशा फ्रेमवर लोक काळा हलका ठेवून तपशील शोधत राहतात आणि दोन्ही घालवतात. तिथे सरळ काळा होऊ द्यावा.

पुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एक कोरी पण डेव्हलप केलेली फ्रेम कॅरिअरमध्ये लावा, एन्लार्जर तुमच्या नेहमीच्या उंचीवर, लेन्स एफ/८, फिल्टर २. तीन-तीन सेकंदांच्या पायऱ्यांची पट्टी काढा, पूर्ण डेव्हलप करा, वाळवा. एका ठिकाणापासून पुढच्या दोन पायऱ्यांमधला फरक दिसेनासा होतो आणि तो काळा क तुकड्याशी जुळतो. तो वेळ म्हणजे या उंचीवर, या पेपरवर पूर्ण काळा यायला लागणारा कमीत कमी वेळ. आता खरी फ्रेम तेवढ्याच वेळात प्रिंट करा. पांढरे मळके आले तर निगेटिव्ह मऊ आहे, ग्रेड वाढवा. पांढरे कोरे राहिले तर निगेटिव्ह कडक आहे, ग्रेड उतरवा. उन्हाळ्यात गरम पाण्यात जास्त डेव्हलप झालेल्या फिल्मचं असं होतं. पांढरे बरोबर आणि सावल्या बंद, तर निगेटिव्हला कॅमेऱ्यातच एक्स्पोजर कमी पडलंय.

एक फ्रेम घेऊन दाखवतो. सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर, सभामंडपाच्या आतून बाहेर बघताना: पुढे बेसॉल्टचा कोरीव खांब सावलीत, मागे उन्हातल्या पायरीवर पांढऱ्या धोतरातले आजोबा. ग्रेड २, एफ/८, पट्टीवर ८, ११, १६, २२ सेकंद. प्रत्येक पायरीत धोतरही यायला हवं आणि खांबही, म्हणून पट्टी उभी न धरता आडवी धरली. ११ वर धोतराच्या निऱ्या नीट मोजता येतात, १६ वर धोतर न धुतल्यासारखं दिसतं. खांब मात्र ११ वर करडा आणि २२ वर जाऊन काळा. पांढऱ्याचा वेळ ११, काळ्याचा २२, म्हणजे ग्रेड कमी पडते. फिल्टर ३½ लावला. इलफर्डच्या फिल्टरमध्ये ०० ते ३½ पर्यंत एक्स्पोजर सारखंच धरतात आणि ४ पासून दुप्पट, पण ही जुळवणी मधल्या करड्यासाठी आहे. कडक ग्रेडवर पांढरे आणखी उजळतात, म्हणून धोतरासाठी पट्टी पुन्हा काढावी लागली. १४ सेकंदांना निऱ्या परत आल्या आणि त्याच १४ सेकंदांत खांबाची सावलीकडची बाजू क तुकड्याइतकी काळी. खांबाच्या तळाशी कोरलेली नक्षी त्या काळ्यात बुडत होती, तिला तारेच्या टोकावरच्या छोट्या कार्डाने तीन सेकंद झाकलं. नक्षी जेमतेम जाणवते एवढीच ठेवली, कारण ती स्पष्ट केली की खांब पुन्हा दगडाऐवजी राखेचा वाटायला लागतो.

थोडक्यात, वेळ ठरवायचा पांढऱ्यावरून आणि ग्रेड ठरवायची काळ्यावरून. उलट क्रमाने गेलं की दोन्ही सतत हलत राहतात.

स्प्लिट ग्रेडबद्दल फार मोठमोठे दावे ऐकू येतात. ०० आणि ५ अशी दोन एक्स्पोजर दिली तर येणारा काँट्रास्ट हा मधल्याच कुठल्यातरी एका ग्रेडचा असतो, त्यात न मिळणारा काळा त्यातून पैदा होत नाही. त्याचा खरा फायदा वेगळा आहे: आभाळाचा कोपरा ०० ने आणि खांबाची कड ५ ने वेगवेगळी जाळता (तेवढ्याच भागाला जादा एक्स्पोजर देता) येते. शिकणाऱ्यांना पांढरा आणि काळा वेगळे बघायची सवय लागते, म्हणूनही मला ती पद्धत आवडते.

ओली आणि वाळलेली

ओल्या प्रिंटवर पाण्याचा थर असतो, तिचा काळा वाळलेल्या प्रिंटहून खोल दिसतो. मॅट आणि फायबर पेपरवर हा फरक जास्त. पांढरे मात्र वाळल्यावर किंचित गडद होतात, फायबरवर साधारण ५ ते १० टक्के एक्स्पोजर कमी द्यावं लागतं. निर्णय वाळलेल्या पट्टीवरच घ्या. हेअर ड्रायरने पट्टी दोन मिनिटांत वाळते.

हायपोच्या ट्रेवरचा दिवाही बघा. तो फार प्रखर असेल तर तुम्ही गडद प्रिंटला चांगलं म्हणाल आणि ती घरात भिंतीवर बुडेल. फार मंद असेल तर फिकी प्रिंट तिथे भरदार वाटते आणि उजेडात आली की ब्लॅक उघडे पडतात. प्रिंट जिथे टांगायची तिथल्या प्रकाशाच्या जवळपास जाणारा दिवा लावा.

टोनर आणि ब्लीच

पांढरे अगदी किंचित मळकट राहिले असतील तर पोटॅशियम फेरीसायनाइडचं खूप पातळ द्रावण कापसाने लावून, लगेच धुऊन, पुन्हा हायपो करता येतं. डोळ्याच्या पांढऱ्यात किंवा टोपीच्या कडेला एवढंसं उजळलं की शेजारचा काळा आपोआप खोल वाटतो. हे द्रावण आम्लात मिसळू देऊ नका.

फायबर पेपरला सेलेनियम टोनर दिला तर काळ्याची घनता थोडी वाढते. चांगल्या प्रिंटलाच तो द्यायचा, फिकी प्रिंट त्याने सुधारत नाही. एकास नऊ ते एकास वीस या प्रमाणात पातळ करा. प्रिंट पूर्ण हायपो झालेली आणि धुतलेली हवी, नाहीतर पांढऱ्यावर डाग पडतात. टोनर विषारी आहे आणि त्याला अमोनियाचा उग्र वास असतो: हातमोजे घाला, बोटांऐवजी चिमटा वापरा, खिडकी किंवा एक्झॉस्ट चालू ठेवा, आणि ते काम स्वयंपाकघरात मुळीच करू नका. टोन न केलेली तशीच एक ओली प्रिंट शेजारच्या ट्रेमध्ये ठेवा आणि दोन्हींकडे आलटून पालटून बघत राहा. सावल्या भरल्या पण मधले करडे अजून जांभळट-तपकिरी व्हायला लागले नाहीत, त्या वेळी प्रिंट उचलून धुवायला टाका.